दोन ठाण्यांच्या मधला कट

२ जानेवारी २०२३, सोमवार

आजपासून मी चौकात नाही. अकरा वर्षं शिट्टी तोंडात धरून उभी राहिले. आता डावा गुडघा दुमडत नाही, म्हणून डीएसपी साहू साहेबांनी मला आकडेवारीच्या टेबलावर बसवलं. प्रधान आरक्षक, म्हणजे मराठीत हवालदार, पद्मिनी रामटेके, वाहतूक शाखा, रायपूर. काम काय, तर ठाण्यांनी भरलेली अपघातांची माहिती तपासायची आणि महिन्याच्या महिन्याला वर पाठवायची. तिथून ती दिल्लीला जाते आणि देशाच्या बेरजेत मिसळते.

खोलीला खिडकी नाही. दुपारी रडू आलं. कोणी पाहिलं नाही.

बाबांनी ही डायरी आणून दिली. "मराठीत लिहत जा," म्हणाले. "दिवसभर हिंदीत बोलून राहते तू. एखाद दिवशी मले पिताजी म्हणशील." घरात आम्ही दोघंच. बाबा रेल्वेत गँगमेट होते, रुळ सांभाळणाऱ्या टोळीचे मुकादम, पस्तीस वर्षं रुळांवर चालले. माझं लग्न जमता जमता राहिलं, ती गोष्ट जुनी झाली.

९ जानेवारी

दिल्लीचा २०२१चा अहवाल वाचला. देशात रस्त्यावर मेलेली माणसं एक लाख त्रेपन्न हजार नऊशे बहात्तर. भागाकार केला तर तासाला सतरा-अठरा. जेवताना बाबांना सांगितलं. घास हातात धरून ते म्हणाले, "रेल्वेत एक माणूस कटला तं चौकशी बसते. कुठल्या खांबापाशी, किती वाजता, कोणाची ड्युटी. तुमच्या इथं काय बसते?"

मी म्हटलं, "आमच्या इथं मी बसते."

नियम शिकले. पाचशे मीटरच्या आत तीन वर्षांत पाच मोठे अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅक स्पॉट धरायची. मग तिथं दुरुस्ती करावीच लागते. त्याहून कमी असतील तर नुसती नोंद.

१७ जानेवारी

सडक सुरक्षा सप्ताह संपला. रॅली, हेल्मेट वाटप, गुलाबाचं फूल, फोटो. फोटोत मीही आहे, हसताना.

काल पहाटे उरल्याच्या कारखान्यांकडच्या हायवेवर बुधवारा बाई अपघातात गेली. वय एकोणचाळीस, रोलिंग मिलमध्ये काम, सहाच्या पाळीला चालली होती. ठाण्यानं लिहिलं, 'पीपल पेड़ के पास'. मोबाइलवर जागेचा बिंदू टाकायचा असतो तो टाकलाच नव्हता. मी फोन केला, तेव्हा चिडून टाकला. नकाशा मोठा करून पाहिला तर बिंदूच्या शेजारीच दुसरा जुना बिंदू होता, पण दुसऱ्या ठाण्याचा. तिथं लिहिलं होतं, 'धर्मकाँटा के सामने'.

दोन नावं, दोन ठाणी. पण बिंदू एकमेकांना चिकटलेले.

२२ जानेवारी, रविवार

बाबांना स्कूटीवर मागं बसवून जागेवर गेले. भनपुरी ओलांडून उरल्याच्या वाटेवर. लोखंडाची काळी धूळ झाडाच्या पानापानावर.

रस्त्याच्या डाव्या अंगाला पिंपळ आहे. उजव्या अंगाला ट्रक वजन करायचा धर्मकाटा. दोन्ही अगदी समोरासमोर! मध्ये डिव्हायडर, आणि त्या डिव्हायडरमध्ये गाडी वळेल एवढा कट. लोक त्याच कटातून रस्ता पार करतात. डावी बाजू एका ठाण्याची, उजवी दुसऱ्याची. हद्द डिव्हायडरवरूनच गेलेली. म्हणजे माणूस कुठल्या बाजूला पडला यावर ठरतं की तो कुठल्या ठाण्यात मोजायचा.

तिथंच धर्मकाट्याच्या कट्ट्यावर बसून मोबाइलवर बेरीज केली. मागच्या तीन वर्षांत डाव्या ठाण्यात चार अपघात, पाच मृत्यू. उजव्या ठाण्यात चार अपघात, सहा मृत्यू. चारानं ब्लॅक स्पॉट होत नाही. आठानं होतो. अकरा माणसं मेली आणि जागा कागदावर आलीच नाही.

बाबा पिंपळापासून धर्मकाट्यापर्यंत पावलं टाकत गेले, हात वर करून, ट्रकांच्या मधून. माझा जीव अर्धा झाला. परत येऊन म्हणाले, "एवढ्याशा जागेत दोन मालक. मंग देखरेख कोण करन?"

१ फेब्रुवारी

टिपण लिहून साहेबांकडं दिलं. वाटलं होतं शाबासकी मिळेल. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पेड़ से काँटे तक दूरी किसने नापी? फीते से, कि अंदाज़ से?" आणि कागद परत.

१० फेब्रुवारी

फीत लावून मोजलं. अडतीस मीटर. पुन्हा टिपण दिलं. पुन्हा परत. "टाइम कहाँ है? सब घटनाओं का समय एक जगह लिखो।" दोन्ही ठाण्यांचे जुने कागद काढायला पाच दिवस लागले. गुडघा सुजला. हा माणूस मला टेबलावरही सुखानं बसू देणार नाही असं दिसतं.

वेळा लिहिल्या तेव्हा मात्र दिसलं. बुधवारा बाई धरून आठ अपघात. त्यांतले सात पाळी बदलायच्या अर्ध्या तासातले.

२१ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा परत. "पैदल कितने लोग पार करते हैं? गिनो।" गिनो! जशी मी रिकामीच आहे.

पहाटे सव्वापाचला पिंपळाखाली उभी राहिले. सव्वासहापर्यंत सहाशे बारा माणसं. डबे, सायकली, डोक्याला स्कार्फ गुंडाळलेल्या बायका. एकीला थांबवलं. नाव सुखमती निषाद. बुधवारा बाई तिच्याच सोबत चालली होती, हात धरून. "हाथ छूट गे दीदी," एवढंच म्हणाली आणि मिलच्या गेटाकडं पाहू लागली.

मी विचारलं, पुढं नऊशे मीटरवर चौक आहे, सिग्नल आहे, तिथून का नाही जात?

"नौ सौ मीटर जाबो, नौ सौ मीटर आबो, तब तक गेट बंद हो जाही," सुखमती म्हणाली. गेट बंद झालं की त्या दिवसाची हजेरी गेली. मी चौकात अकरा वर्षं अशा बायकांवर ओरडले. हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी

बाबांचं काहीतरी बिघडलंय. मी उठायच्या आत फिरायला जातात, सातला येतात. सदऱ्याच्या कॉलरवर काळी धूळ असते. विचारलं तर म्हणाले, "तलावावर जातो." तेलीबांध्याच्या तलावावर कुठली काळी धूळ? पण वय एकाहत्तर, वाद कशाला घालायचा.

९ मार्च

बाबांनी ट्रंक उपसली. त्यांची जुनी हिरवी झेंडी शोधत होते. लाल सापडली होती म्हणे. मग मला विचारलं की होळीच्या सुट्टीनंतर मिलची सकाळची पाळी सहाचीच राहील ना. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचं? "असंच," म्हणाले. म्हातारपणी माणूस असा जुन्या वस्तूंत रमतो. डॉक्टरला एकदा दाखवायला पाहिजे.

१४ मार्च

आज जिल्हा सडक सुरक्षा समितीची बैठक. कलेक्टर मॅडम अध्यक्ष. साहेबांनी मला मागच्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, फाइली धरायला.

आमचा विषय आला. रस्त्याच्या खात्याचे इंजिनिअर पराग मुळे, नागपूरचे, हुशार माणूस. त्यांनी दोन मिनिटांत निकाल लावला. "कट बंद कर देंगे। डिवाइडर जोड़ दिया, बात ख़त्म।" सगळ्यांनी माना डोलावल्या. कट बंद केला तर सहाशे माणसं जातील कुठं? डिव्हायडरवर चढतील. अंधारात, डबा हातात घेऊन.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "हमारी प्रधान आरक्षक कुछ कहना चाहती हैं।" मी काही म्हटलंच नव्हतं! असा राग आला. पण उभी राहिले. सांगितलं की कट बुजवला तर अपघात बुजणार नाहीत. तिथं माणसांसाठी सिग्नल पाहिजे, मध्ये थांबायला जागा पाहिजे, दिवे पाहिजेत.

मॅडमनी विचारलं, दोन्ही जागा एकच हे कशावरून? अडतीस मीटर, फितीनं, मी म्हटलं. अपघात कधी होतात? पाळीच्या वेळी, आठातले सात. आणि चालणारे किती? सहाशे बारा, एका तासात.

मॅडम मुळे साहेबांना म्हणाल्या, पंधरा दिवसांच्या आत सकाळच्या पाळीला स्वतः जाऊन बघा, मग बोला.

नशीब पाहा माझं. ज्या तीन प्रश्नांवरून साहेबांनी मला छळलं, नेमके तेच तीन मॅडमनी विचारले. निव्वळ योगायोग. साहेब पेनचं टोपण काढत-लावत बसले होते, जसा त्यांचा काही संबंधच नाही.

२८ मार्च

आज जे पाहिलं ते लगेच लिहून ठेवते.

पावणेसहाला मी आणि मुळे साहेब जीपमधून उतरलो. पाहतो तर कटावर गर्दी एका रेषेत उभी. सगळ्यांच्या पुढं एक म्हातारा, डोक्याला मफलर, एका हातात लाल झेंडी, एका हातात हिरवी, गळ्यात शिट्टी. माझे बाबा!

त्यांनी लांबून येणाऱ्या ट्रककडं बघत लाल झेंडी आडवी धरली. ट्रक हळू झाला. थांबला. मागचा थांबला. मग शिट्टी, आणि साठ-सत्तर माणसं एकदम मधल्या कटापर्यंत गेली. बाबा पलीकडच्या बाजूला वळले, तिकडचे ट्रक थांबवले, माणसं पार. सुखमती मला पाहून हसली. "बबा रोज आथे दीदी," म्हणाली. रोज येतात.

मुळे साहेब मराठीत पुटपुटले, "बाप रे." मग घड्याळ काढलं. वीस सेकंदात एक घोळका पार होत होता. त्यांनी ते लिहून घेतलं. मध्ये किती माणसं थांबतात ते लिहून घेतलं. बाबांना विचारलं, "काका, गाड्या किती अंतरावरून दिसल्या पाहिजेत?"

"भरलेला ट्रक लवकर नाई थांबत," बाबा म्हणाले. "माह्या हिशोबानं दीडशे मीटर आधी त्याले समजलं पाहिजे का पुढं थांबाचं हाये. आणि उजेड पाहिजे बाप्पा, उजेड. मी लाल धरतो, पण अंधारात लाल काय अन् काळा काय."

जीपमध्ये मी त्यांच्यावर ओरडले. एक ट्रक थांबला नसता तर? सव्वा महिना माझ्याशी खोटं बोललात! त्यांनी झेंड्या गुंडाळून मांडीवर ठेवल्या. मग म्हणाले, "तू त्या बाईचं नाव सांगतलं ना, बुधवारा. त्या दिवसापासून झोप लागून नाई राहिली. रुळावर माह्या गँगचा एक बी माणूस गेला नाई, पद्मा. पस्तीस वर्षांत एक बी नाई. मंग इथं काहून जावा?"



३० मार्च

साहेबांनी कुठूनतरी ऐकलं. हुकूम काढला: पाळीच्या वेळी कटावर दोन आरक्षक, चमकत्या जॅकेटमध्ये, सिग्नल लागेपर्यंत. उद्या काही झालं तर आपल्यावर येऊ नये म्हणून काढला असणार. मला म्हणाले, "पिताजी से कहिए, अब घर बैठें। और ये दे दीजिए उन्हें।" नवीन शिट्टी होती, पितळेची. मोठ्या लोकांचं काही कळत नाही.

११ मे

आज कोणीतरी मोठे पाहुणे शहरात. दोन्ही आरक्षक बंदोबस्ताला नेले. दुपारी दोनच्या पाळीला मोटरसायकलनं सुखमतीला उडवलं. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात गेले तर मलाच धीर देत होती, "बाँच गेंव दीदी." वाचले म्हणाली. मी वाचवलेलं नाही तिला. फाइल दोन महिन्यांपासून पडली आहे. ट्रान्सपोर्टवाल्यांची हरकत आहे म्हणे, सिग्नलनं गाड्या तुंबतील. ही सगळी धडपड फुकट जाणार असं आज पहिल्यांदा वाटलं.

१२ जून

रजेचा अर्ज साहेबांनी नामंजूर केला. "चुनाव आने वाले हैं। आचार संहिता लग गई तो काम अगले साल। छुट्टी बाद में।" वर म्हणाले, हरकतीवाल्यांना स्वतः भेटून या.

भनपुरीला गेले. ट्रान्सपोर्ट संघाचे बाबाराव, आपल्याच विदर्भातले, भंडाऱ्याकडचे. बावीस ट्रक. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि बोलू लागले. "पाहा ताई, एका सिग्नलनं माह्या गाड्या रोज अर्धा तास उभ्या राहतीन. लोक नीट पाहून रस्ता पार काहून नाई करत?"

मी वाद घातला नाही. यादी काढली आणि अकरा नावं वाचली, एकेक. वय, तारीख, वेळ. आठव्या नावाला त्यांचा कप बशीवर वाजला.

"देवीदास?" ते म्हणाले. "हा इथं मेला? मले तं सांगतलं का डिव्हायडरवर गाडी चढली."

"चढली," मी म्हटलं. "कटात एक बाई सायकल घेऊन उभी होती. तिले वाचवाले त्यानं स्टेअरिंग फिरवलं. बाई वाचली."

देवीदास बाबारावांच्या गावचा, बारा वर्षं त्यांच्या गाडीवर होता. मग त्यांनी चष्मा पुसला. "आन तो कागद. हरकत मागं घेतो. अन् सांग त्या इंजिनिअरले, सिग्नलच्या आधी रस्त्यावर पट्टे मारा, जाडे. नुसत्या लाल दिव्यानं नाई होत. ड्रायव्हर झोपेत असते."

यादीत देवीदास होता हे साहेबांना माहीत असावं का? छे, त्यांनी यादी कधी धड वाचलीच नाही.

३ जुलै

मंजुरी आली!! सिग्नल, मध्ये थांबायला कठड्याचा चौथरा, दोन्ही बाजूंना दिवे, दीडशे मीटर आधीपासून रस्त्यावर जाड पट्टे. मुळे साहेबांनी फोन करून सांगितलं, "ताई, नकाशात तुमच्या बाबांचे दीडशे मीटर तसेच ठेवलेत." बाबांनी शेजारच्या चार घरांत पेढे वाटले. कशाचे ते कोणाला धड समजलं नाही. "माह्या पोट्टीनं रस्ता काढला," एवढंच सांगत होते.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज पहाटे सिग्नल चालू झाला. आचारसंहिता दोन-चार दिवसांत लागणार म्हणतात, त्याआधी, अगदी शेवटच्या घटकेला.

फीत नाही, मंत्री नाही. मिलच्या सहाच्या पाळीची माणसं, मी, बाबा, मुळे साहेब. बाबाराव पण आले होते, आपले चार ड्रायव्हर घेऊन. सुखमती काठी टेकत आली. कामावर अजून जात नाही, पण आज आली. रस्ता पार करायचं बटण तिनंच दाबलं. दोन्हीकडचे ट्रक पट्ट्यांवर धडधडत हळू झाले, थांबले. एवढा मोठा हायवे गप्प झाला. सुखमती निघाली, काठी, पाय, काठी, पाय. घाई नाही. तिच्या मागून दीडशे बायका. पलीकडं पोचल्यावर कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळे वाजवू लागले, ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले. मी चाळीस पार केलेली बाई, वर्दीत, भर रस्त्यात रडले. या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

साहेब आलेच नाहीत. लांब पिंपळाखाली त्यांच्यासारखी एक गाडी दिसली होती, पण नसावी.

३१ ऑक्टोबर

दिल्लीचा २०२२चा अहवाल. एक लाख अडुसष्ट हजार चारशे एक्याण्णव. वाढलेच. तासाला एकोणीस. सकाळी वाचून अहवाल मिटून ठेवला. एक कट सुधारला त्यानं काय झालं?

मग दुपारी नकाशा उघडला. जिल्ह्यात जिथं जिथं ठाण्याची हद्द रस्त्याच्या मधून जाते ती प्रत्येक रेषा पिवळी केली आणि दोन्ही बाजूंचे बिंदू एकत्र मोजले. सहा जागा निघाल्या. सहा! कोणत्याही यादीत नव्हत्या. टिपण लिहिलं. अंतर, वेळा, चालणारे, सगळं आधीच मोजून चार दिवसांत देते म्हटलं. साहेब म्हणाले, "दो दिन में दीजिए।" आणि हसले. पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

२९ डिसेंबर

समितीनं सहाच्या सहा जागा घेतल्या. आणि ठराव केला की हद्दीवरच्या अपघातांची दोन्ही ठाण्यांची बेरीज दर महिन्याला एकत्र करायची. ती मी करायची. माझ्या टेबलासाठी दुसरी खोली दिली, खिडकीवाली. मुळे साहेब म्हणाले, बिलासपूर आणि दुर्गवाले पद्धत मागून राहिले आहेत. आमच्या कटावर ऑक्टोबरपासून मोठा अपघात एकही नाही.

१ जानेवारी २०२४

नवीन वर्षाच्या सकाळी घरी बसवलं नाही. स्कूटी काढली आणि एकटीच कटावर गेले.

धुकं इतकं की पिंपळ दिसत नव्हता. पावणेसहा. आरक्षक आता तिथं नसतात. रस्त्यावर कोणी नाही. सिग्नल लाल होता आणि त्याच्यासमोर एक ट्रक उभा होता, सळयांनी भरलेला, एकटाच. ना पुढं कोणी, ना मागं कोणी, ना पोलीस. इंजिन घरघरत होतं. मी साध्या कपड्यांत होते. जवळ जाऊन काचेवर टकटक केली. ओडिशाकडचा ड्रायव्हर, कानटोपी घातलेला.

"भैया, कोई दिख नहीं रहा। खड़े क्यों हो?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मला एवढंही समजत नाही. "लाल है न दीदी। किसी ने बटन दबाया होगा। कोई तो होगा।"

मी धुक्याकडं वळले. आधी फक्त आवाज आला, चपलांचा आणि डब्यांचा. मग स्कार्फ दिसू लागले, एक, चार, वीस. बायका ट्रकच्या समोरून बोलत, हसत पार होऊ लागल्या. एकीनंही ट्रककडं वळून पाहिलं नाही.